सिंगापूरचं मुस्तफा सेंटर: परतीच्या आदल्या दिवसांत जाणार असाल तर

आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच, त्यात दुकानाचा काही दोष नाही.

फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन सिंगापूरला जाऊन आले. त्यांची पहिलीच परदेशवारी. मी पुण्यात असते, ते कराडला. सेंटोसा, गार्डन्स बाय द बे, झू वगैरे सगळं यथासांग पार पडलं, त्याबद्दल लिहिणारे हजार जण आहेत. मला लिहायचंय ते सोमवारी रात्रीचं विमान असताना शनिवारपासून आमच्या खोलीत जे सुरू झालं त्याबद्दल, म्हणजे कुणाला काय न्यायचं, कुठून घ्यायचं आणि ते बॅगेत बसणार का. आत्याची यादी तर आम्ही विमानात बसायच्या आधीच व्हॉट्सॲपवर आली होती. आईची यादी वेगळीच, वहीच्या पानावर, त्यात वस्तू नव्हत्याच, नुसती माणसांची नावं होती, एकवीस, आणि प्रत्येक नावापुढे जागा रिकामी. आठ दिवस ते पान तिच्या पर्समध्ये फिरत होतं आणि रोज रात्री मला विचारायची, अगं मग कधी बघायचं हे.

मुस्तफात जा हे सगळेच सांगतात. पण कधी जायचं, काय घ्यायचं आणि काय मुळीच घेऊ नये हे मला तरी कोणी नीट सांगितलं नव्हतं.

जागा सापडायला सोपी. नॉर्थ ईस्ट लाइनवरचं फॅरर पार्क स्टेशन, तिथून चार-पाच मिनिटं चालत, सय्यद अलवी रोड. लिटल इंडिया स्टेशनवरूनही येतं चालत, फक्त थोडं लांब पडतं आणि रस्त्यात इतकं काही बघण्यासारखं आहे की आई दर दुकानापाशी थांबते (गजरे, पितळी समया, साड्या, विचारू नका). दुकानाची गोष्ट बाबांना मी मेट्रोत वाचून दाखवली तेव्हापासून त्यांचा दुकानाकडे बघायचा नूरच बदलला. मुस्ताक अहमद म्हणून उत्तर प्रदेशातनं लहानपणी इकडे आलेला माणूस, १९७१ साली कॅम्पबेल लेनमध्ये वडील आणि काकांबरोबर कपड्यांचं छोटंसं दुकान टाकलं आणि वाढवत वाढवत १९९५ मध्ये आत्ताच्या जागेत आले. आता एकूण सहा मजले, त्यातले दोन जमिनीखाली. मग बाबा प्रत्येक मजल्यावर "छोट्या दुकानापासून बघ" असं मलाच ऐकवत होते, जणू मी एखादं टाकून बंद पाडलंय.

तर शनिवारी रात्री सेंटोसाहून परत येताना साडेदहाला आम्ही घुसलो. कोविडच्या आधी हे चोवीस तास उघडं असायचं, पहाटे तीनला जाऊन चॉकलेटं घेतल्याच्या गोष्टी आमच्या ऑफिसात बऱ्याच जणांकडे आहेत, आता रात्री दोनला बंद होतं. दोन म्हणजे तरी काय कमी आहे, कराडात दहाला शटर खाली.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच सुचत नाही. खाली सोनं, घड्याळं, परफ्युम, वर किराणा, चॉकलेटं, मसाले, त्याच्या वर भांडी आणि घरातलं सामान, अजून वर वह्या-पुस्तकं, तळघरात कपडे आणि बाकी काय काय. रॅक छतापर्यंत भरलेले आणि मधली वाट इतकी अरुंद की समोरून ट्रॉली आली की कुणीतरी एकाने मागे सरकायचं. मॉलसारखं चकाचक नाहीये, आपल्या रविवार पेठेला एसी लावून सहा मजले चढवलेत असं समजा. मला आवडलं. चकाचक बघायचं तर ऑर्चर्ड रोड आहे की.

आणि ते पिशव्यांचं. सामान घेतलं की पिशवीचं तोंड प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बंद करतात, इलेक्ट्रिशियनकडे वायरी बांधायची असते ना, तीच. हाताने तुटत नाही. माझी खांद्यावरची बॅगपण बांधली, आणि माझा मोबाइल आत. मग नवीन माणसासारखी दाराशी जाऊन सोडवून घेतली. तेव्हा आत जायच्या आधी मोबाइल, पैसे, यादी आणि चष्मा बाहेर काढून ठेवा, चष्म्याचं आईकडून शिका.

बाबा किराण्याच्या मजल्यावर हरवले. सापडले तेव्हा पार्ले-जीच्या पुड्यासमोर उभे राहून किमतीचा फोटो काढत होते. त्यांचा आठ दिवसांचा छंद हा, डॉलरला सत्तरने गुणायचं आणि मग मान हलवायची. शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, मॅगी, सगळं आहे तिथे आणि सगळ्याला त्यांनी गुणलं.

आता तो अर्धा मार्क. त्या रात्री आम्ही नुसतं बघायला गेलेलो, असं ठरवून. पण मी परफ्युमच्या काउंटरवर अडकले, आईला एक घड्याळ आवडलं, आणि बिल झालं एकशे वीस डॉलरच्या आसपास. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं पासपोर्ट आहे का, टूरिस्ट रिफंड करते. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. मोबाइलमधला फोटो दाखवला तर त्या हसल्या आणि नाही म्हणाल्या, आणि नियम तोच आहे, झेरॉक्स किंवा फोटो चालत नाही, खरा पासपोर्ट लागतो. सिंगापूरचा जीएसटी २०२४ पासून ९ टक्के आहे, एका दुकानात एका दिवसात शंभर डॉलरच्या वर खरेदी झाली (तीन बिलांपर्यंत एकत्र करता येतात) की पर्यटकाला तो परत मिळतो, थोडा प्रोसेसिंगचा चार्ज कापून. म्हणजे माझे नऊ-दहा डॉलर गेले. बाबांनी लगेच गुणलं. "साडेसहाशे रुपये," म्हणाले, आणि हॉटेलपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत.

त्या फेरीचा फायदा एवढाच की आईच्या पानावरच्या एकवीस नावांपुढे रात्री बसून वस्तू लिहिता आल्या. खरं सांगू का, दोनदा जाणं हाच उपाय आहे. पहिल्यांदा रिकाम्या हाताने, दुसऱ्यांदा यादी आणि पासपोर्ट घेऊन. एकदाच गेलात तर काय होतं ते माझ्या मावसबहिणीला विचारा, तिच्याकडे अजून सहा डबे बिस्किटं पडलीत.

काय घ्यावं. पहिलं म्हणजे कुऱ्हाड छाप तेल. ॲक्स ऑइल म्हणतात, हिरवट तेल, लेबलवर कुऱ्हाड, १९२८ पासूनचं सिंगापूरचंच आहे. ज्या घरातला एक माणूस एकदा सिंगापूरला जाऊन आलाय त्या घरात औषधाच्या डब्यात ही बाटली असतेच. डोकं दुखलं लाव, सर्दी झाली लाव, बस लागली हुंग. आत्याची यादी म्हणजे ह्याच्याच सहा बाटल्या, आणि खाली कंसात "लहान चालतील". लहान बाटल्यांचे पुडे मिळतात, स्वस्त पडतात, वजन काही नाही आणि माणूस खूश, एकवीसपैकी नऊ नावं इथेच संपली. टायगर बामही घ्या पण लाल आणि पांढरा ह्यातला फरक बघून, लाल जास्त गरम असतो, तो पाठ-गुडघ्याला, कपाळाला पांढरा. बाबांनी लाल कपाळाला लावून बघितलाय, पुढचं लिहीत नाही.

चॉकलेटं. इथे जरा थांबा. दुसऱ्या मजल्यावर चॉकलेटांची अख्खी गल्ली आहे आणि तिथे शिरलं की डोकं चालत नाही, पण त्यातली अर्धी आता आपल्याकडे डी-मार्टमध्ये दिसतात. मी तिथेच उभी राहून मोबाइलवर भारतातल्या किमती बघितल्या, काही ठिकाणी फरक वीस रुपये, काही ठिकाणी उलटाच. वीस रुपयांसाठी दोन किलो कोण उचलणार. जे आपल्याकडे मिळत नाही तेवढंच घ्या, आणि मर्लायनचं (सिंहाचं तोंड, माशाचं अंग, सिंगापूरची खूण) चित्र असलेला डबा ऑफिससाठी एक, बास. तिथल्या गरम हवेत पिशवी घेऊन दुपारभर फिरू नका हे सांगायला नको, तरी सांगते, कारण मी फिरले.

काया जॅम बरेच जण सांगतात. नारळाचं दूध, साखर, पानदान नावाच्या झाडाच्या पानांचा वास, टोस्टवर भारी लागतं. पण त्यात अंडं असतं. आमची आई अंडं खात नाही, तिने नारळ वाचून दोन बरण्या ट्रॉलीत टाकल्या होत्या आणि त्या एकादशीवाल्या काकूंकडे जाणार होत्या. लेबल उलटून वाचलं म्हणून वाचलो. तो हिरवा मऊ पानदान केक, सगळे विमानतळावरून हातात डबा घेऊन येतात ना, त्यातही अंडं.

मिक्सर, केटल, हेअर ड्रायर असलं काही घेत असाल तर पिन बघा. तिथली पिन तीन चौकोनी दांड्यांची असते, आपल्या भिंतीत जात नाही. व्होल्टेजचं काही नाही, ते आपल्यासारखंच २३०. पण भारतात गॅरंटी चालणार का हे विचारल्याशिवाय इलेक्ट्रॉनिक घेण्यात मला तरी अर्थ वाटत नाही, आणि मोबाइल-बिबाइल आता आपल्याकडे सेलमध्ये बरे पडतात.

सोनं. आईचा जीव तळमजल्यावरच अडकलेला. दागिने बघायला मस्त आहेत, आपल्याकडच्या घडणीसारखेच. पण आपल्या भारतातल्या कस्टम्सची सोन्याची सवलत वर्षभराहून जास्त बाहेर राहून येणाऱ्यांसाठी आहे, आठ दिवसांच्या पर्यटकाला नाही, हे तिला समजावायला मला एक कॉफी आणि पाऊण तास लागला. दाखवून ड्यूटी भरायची तयारी असेल तर वेगळं. ती म्हणाली, मग घालून आले तर. मी म्हटलं, आई.

की-चेन आणि फ्रीजवरचे मॅग्नेट इथे घेऊ नका असं माझं मत, त्यापेक्षा चायनाटाउनात पॅगोडा स्ट्रीटवर ढिगाने आहेत, तिथे तीन-चार एकत्र घेतले की स्वस्त पडतात. इथे मात्र मनी चेंजर चांगला वाटला. आमच्याकडे उरलेले थोडे डॉलर होते, नोटा घेतात, नाणी कुठलाच चेंजर घेत नाही. नाणी आईने भाचरांसाठी ठेवली, आणि दोन डॉलरची जांभळी प्लॅस्टिकची नोट बाबांनी पाकिटात ठेवली, ती कुणाला देणार नाहीयेत.

रविवारी संध्याकाळी परत जायचं ठरलं होतं. तिथे कामाला असलेल्या तमिळ आणि बांगलादेशी मजुरांची रविवारी सुट्टी असते आणि ती सगळी मंडळी लिटल इंडियात भेटतात हे माहीत नव्हतं. सेरंगून रोडला पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दी कसली तर मैदानात गोल करून बसलेली पोरं, गावाकडे व्हिडिओ कॉल, मनी ऑर्डरच्या दुकानांसमोर रांगा. बाबा बराच वेळ बघत उभे राहिले, त्यांचा भाऊ ऐंशीच्या दशकात मस्कतला होता. मग म्हणाले आज दुकान नको. कोमला विलासमध्ये जाऊन डोसा खाल्ला, १९४७ पासूनचं आहे ते, पूर्ण शाकाहारी, आईला आठ दिवसांत पहिल्यांदा पोट भरल्यासारखं वाटलं असं तिनेच सांगितलं. मग इतके दिवस काय खात होती हा प्रश्न मी विचारला नाही.

शेवटी सोमवारी सकाळी गेलो आणि हीच वेळ बरोबर. साडेनऊ-दहाला दुकान निवांत असतं, ट्रॉली फिरते, काउंटरवरची माणसं बोलायच्या मूडमध्ये असतात. पासपोर्ट तिघांचे गळ्यातल्या पाउचमध्ये. यादीप्रमाणे दीड तासात सगळं झालं, रिफंडचं रीतसर करून घेतलं, आणि बाहेर पडता पडता मी सामानाचा हातात धरायचा वजनकाटा घेतला, ह्या ट्रिपमधली सगळ्यात शहाणपणाची खरेदी.

हॉटेलचं नाव लिहीत नाही, पण चेकआउट अकराला म्हणजे अकराला, अर्धा तास उशीर केला तर पैसे, त्यामुळे आम्ही सकाळीच खोली सोडून बॅगा त्यांच्याकडे ठेवल्या होत्या. त्याचा अर्थ असा की मुस्तफातून आणलेलं सगळं आता लॉबीत बसून भरायचं. तर आम्ही तिघं, फरशीवर, तीन बॅगा उघड्या, बाबा काटा धरून उभे, आई सांगतेय ह्यातलं काढ त्यात टाक, आणि रिसेप्शनवरचा मुलगा मुद्दाम दुसरीकडे बघतोय. तिकिटावर माणशी २५ किलो. पहिली बॅग २९. दुसरी १९. बाबांनी हा आकडा मोठ्याने जाहीर केला, लिलाव पुकारतात तसा. वीस मिनिटांत तिन्ही बॅगा २४ च्या आसपास आणल्या आम्ही. काटा नसता तर हाच तमाशा विमानतळावर काउंटरपुढे झाला असता, रांग मागे उभी.

टॅक्सी न करता मेट्रोने गेलो, कारण लिटल इंडियातून डाउनटाउन लाइन थेट एक्स्पोपर्यंत जाते, तिथे बदलून पुढचं एकच स्टेशन चांगी एअरपोर्ट. बॅगा घेऊन दुपारच्या वेळेला आरामात जमतं. रात्रीचं विमान असेल आणि बारानंतर टॅक्सी घेणार असाल तर मीटरवर पन्नास टक्के जास्त लागतात हे धरून चाला.

चांगीला दुपारीच पोचा, विमान रात्रीचं असलं तरी. रिफंडची मशिन्स आहेत, पासपोर्ट स्कॅन केला की तुमची खरेदी आपोआप स्क्रीनवर येते. पण जे सामान मोठ्या बॅगेत जाणार आहे त्याचं हे काम चेक-इनच्या आधी करा, कारण कस्टम्सने दाखवा म्हटलं तर दाखवावं लागतं आणि बॅग पट्ट्यावरून गेली की गेली. आम्हाला कोणी दाखवा म्हटलं नाही, दोन मिनिटांत झालं, पैसे नंतर कार्डवर आले.

मग ज्वेल, म्हणजे विमानतळावरचा मॉल. टर्मिनल एकला लागूनच आहे, २०१९ ला सुरू झालं, मोशे सफदी नावाच्या आर्किटेक्टचं काम, मधोमध काचेच्या छतातून चाळीस मीटर पाणी कोसळतं आणि बघायला पैसे लागत नाहीत. बाबा आधी म्हणाले ठोसेघर बघितलंय मी. मग पाऊण तास तिथून हलले नाहीत, अंधार पडल्यावर पाण्यावर दिवे लागले तेव्हा तर आम्हीच त्यांना ओढून नेलं.

एक सूचना, जी माझ्या पाण्याच्या बाटलीने शिकवली. टर्मिनल एक, दोन, तीनमध्ये सिक्युरिटी गेटवरच असते, म्हणजे इमिग्रेशन झाल्यावर आपण निवांत पाणी भरून घेतो आणि गेटवर ते ओतायला लावतात. केबिनमध्ये तेलाच्या बाटल्या नेत असाल तर त्याही लहानच. पॉवर बँक मात्र केबिनमध्येच, मोठ्या बॅगेत नको.

इमिग्रेशनला माणूसच नाही, चेहरा दाखवायचा आणि दार उघडतं. सोय म्हणून उत्तम. पण बाबांचा चेहरा उतरला. सिंगापूर आता पासपोर्टवर शिक्काच मारत नाही, येताना मारला नव्हता तेव्हा त्यांना वाटलं होतं जाताना मारतील. पहिली परदेशवारी आणि पासपोर्टवर सिंगापूरचा शिक्काच नाही. आता ते कराडात सगळ्यांना दोन डॉलरची नोट दाखवतात.

घरी पोचल्यावर बॅगा उघडल्या तर मुस्तफाची एक पिशवी अजून त्या पट्टीने बंदच, कात्री सापडेना, शेवटी बाबांनी अडकित्त्याने तोडली. आत्याला सहा बाटल्या पोचल्या, तिने मोजून घेतल्या. एकवीसपैकी एक नाव आईच्या पानावर राहूनच गेलं होतं, त्यांना माझं परफ्युम गेलं, तेच बिनपासपोर्टचं. वजनकाटा सध्या शेजारच्या काकूंकडे आहे, त्यांचा मुलगा दुबईला चाललाय.